विश्लेषण : बुल्सचे ७२ विजय की मुंबईचे सलग १५ रणजी करंडक? वेगवेगळ्या काळांतल्या विजेत्यांची तुलना कशी करायची?

गेल्या महिन्यात गावी, कोरीटला गेलो होतो. नंदुरबार तालुक्यातले हे आमचे गाव. रात्री जेवणे आटोपल्यावर भाचा ओट्यावर बसून मोबाइलवर एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे व्हिडीओ बघत होता. तो शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. त्याने विचारले, ‘मामा, १९९६ची शिकागो बुल्स भारी, की २०२५ची ओक्लाहोमा सिटी थंडर?’

मी तोंड उघडण्याआधीच पलीकडच्या खाटेवरून आबा बोलले, ‘ते राहू दे. सलग पंधरा वर्षे कप नेला का कोणी तुमच्या अमेरिकेत? आपल्या बॉम्बेने नेला.’

‘पण आबा, तेव्हा टीम होत्या तरी किती?’

‘होत्या तेवढ्या हरवल्या ना?’

आबा माझे मोठे काका. सत्तरीचे आहेत. रणजीची कॉमेंट्री रेडिओला कान लावून ऐकलेली पिढी. भाच्याचा प्रश्न बरोबर होता आणि आबांचे उत्तरही चूक नव्हते. वेगवेगळ्या हंगामांतल्या विजेत्यांची तुलना नेमकी याच ठिकाणी अडते. परत आल्यावर दोन संध्याकाळी जुनी धावफलके आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, त्यातून निघालेले हे विश्लेषण.

दोन्ही बाजूंचे दावे काय आहेत?

मायकेल जॉर्डनच्या बुल्सने १९९५-९६च्या हंगामात साखळीतल्या ८२पैकी ७२ सामने जिंकले. सरासरी प्रत्येक सामन्यात ते प्रतिस्पर्ध्यापेक्षा १२ गुणांनी पुढे राहिले. अंतिम मालिकेत त्यांनी सिएटलला ४-२ असे हरवले. थंडरने २०२४-२५मध्ये ६८ सामने जिंकले, म्हणजे बुल्सपेक्षा चार कमी. मात्र त्यांचा सरासरी फरक जवळपास १३ गुणांचा होता आणि तो एनबीएतला विक्रम ठरला. एवढे असूनही अंतिम मालिकेत इंडियानाविरुद्ध त्यांना सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत जावे लागले.

आबांची बाजू थोडक्यात सांगता येते. १९५८-५९ ते १९७२-७३ या सलग १५ हंगामांत रणजी करंडक मुंबईकडे होता. १९७३-७४मध्ये उपांत्य फेरीत कर्नाटकने मुंबईला हरवले आणि ही मालिका तुटली. त्यानंतर मुंबईने पुन्हा सलग तीन वर्षे करंडक नेला. म्हणजे १९ वर्षांत १८ वेळा.

योगायोग असा की बास्केटबॉलमधली सर्वांत लांब विजयमालिका याच हंगामात सुरू झाली. बिल रसेलच्या बोस्टन सेल्टिक्सने १९५८-५९पासून सलग आठ विजेतेपदे मिळवली. तेव्हा एनबीएत आठ-नऊच संघ होते. आज ३० आहेत. भाच्याचा ‘टीम होत्या किती’ हा प्रश्न सेल्टिक्सलाही लागू होतो आणि अमेरिकेत तो विचारलाही जातो.

नुसते करंडक किंवा विजय मोजले तर काय बिघडते?

गोल्डन स्टेट वॉरियर्सने २०१५-१६मध्ये साखळीत ७३ सामने जिंकले. बुल्सचा विक्रम मोडला. अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडीही घेतली आणि तिथून पुढचे तिन्ही सामने क्लीव्हलंडकडून हरले. इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारा संघ त्या वर्षीचा विजेता नाही.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२१-२२च्या रणजी उपांत्यपूर्व फेरीत मुंबईने उत्तराखंडला ७२५ धावांनी हरवले. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला, जगातला, धावांच्या हिशेबाने सर्वांत मोठा विजय. आधीचा विक्रम न्यू साउथ वेल्सचा होता, १९२९-३०मधला. आणि त्याच महिन्यात बेंगळूरुच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवले. मध्य प्रदेशचे प्रशिक्षक होते मुंबईकर चंद्रकांत पंडित. (मुंबईचे क्रिकेट शेवटी मुंबईच्याच माणसाने हरवले, असे म्हणून मुंबईकर अजूनही मनाचे समाधान करून घेतात.)

विजय किती मोठा, हे मोजायचे कसे?

बास्केटबॉलमध्ये हे सोपे आहे. दोन्ही संघांचे गुण वजा करा, हंगामभराची सरासरी काढा. क्रिकेटमध्ये एक विजय धावांनी, दुसरा गड्यांनी, तिसरा डावाने, आणि चौथा सामना तर अनिर्णित राहूनही पहिल्या डावाच्या आघाडीवर जिंकलेला. या चौघांना एका तराजूत घालणार कसे?

यावर एक साधा उपाय आहे. आपल्या संघाने एका गड्यामागे किती धावा काढल्या, त्याला प्रतिस्पर्ध्याने एका गड्यामागे किती काढल्या याने भागायचे. उत्तर १ आले तर बरोबरी. जितके वर, तितके वर्चस्व.

मुंबईच्या दोन अंतिम सामन्यांवर हे लावून पाहू. मार्च २०२४मध्ये वानखेडेवर मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवले आणि ४२वा करंडक घेतला. मुंबईच्या धावा २२४ आणि ४१८, विदर्भाच्या १०५ आणि ३६८. दोन्ही संघांचे वीस-वीस गडी बाद झाले. मुंबईची गड्यामागे ३२.१ धाव, विदर्भाची २३.६५. गुणोत्तर १.३६.

आता १९७२-७३चा चेपॉकवरचा अंतिम सामना घ्या. सलग पंधरावा करंडक. मुंबई १५१ आणि ११३, तामिळनाडू ८० आणि ६१. फरक १२३ धावांचा, म्हणजे २०२४पेक्षा ४६ धावांनी लहान. पण गड्यामागे मुंबईच्या १३.२ आणि तामिळनाडूच्या ७.०५ धावा. गुणोत्तर १.८७. त्या खेळपट्टीवर एकेक धाव महाग होती, त्यामुळे १२३ धावांचा तो विजय १६९ धावांच्या विजयापेक्षा कितीतरी मोठा ठरतो. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला होता. पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी टिपले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेणारा हा डावखुरा फिरकीपटू भारतासाठी एकही कसोटी खेळला नाही. गेल्या वर्षी, म्हणजे मार्च २०२५मध्ये, त्यांचे निधन झाले तेव्हा आमच्या डेस्कवर त्यांच्या कसोटीचे आकडे शोधण्यात एका नवख्या सहकाऱ्याची दहा मिनिटे गेली होती.

हेच माप २०२१-२२ला लावले तर त्याची मर्यादाही कळते. उत्तराखंडविरुद्ध मुंबईने ११ गडी गमावून ९०८ धावा केल्या आणि उत्तराखंडने २० गड्यांत १८३. गुणोत्तर नऊ! अंतिम सामन्यात मुंबईच्या २० गड्यांत ६४३, मध्य प्रदेशच्या १४ गड्यांत ६४४. गुणोत्तर ०.७. दोन्हींची सरासरी काढून ‘मुंबईने प्रचंड वर्चस्व गाजवले’ असे कोणी लिहिले, तर आकडा खरा असेल आणि वाक्य खोटे.

मग प्रतिस्पर्धी किती तगडा होता, हे कसे धरायचे?

बास्केटबॉलवाले यासाठी सरासरी फरकात प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीची भर घालतात. ‘अ’ संघाने ‘ब’ला १० गुणांनी हरवले, पण ‘ब’ स्वतः इतरांना सरासरी पाचने हरवतो, तर ‘अ’च्या खात्यात १५ जमा. ‘ब’ची ताकद पुन्हा ‘क’ आणि ‘ड’वरून ठरते. सगळ्या संघांची समीकरणे एकदम सोडवायची. ८२ सामने आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ, त्यामुळे गणित सुटते.

पुढची पायरी काळाची. १९६०च्या दशकातले बास्केटबॉल धावपळीचे होते, तीन गुणांची रेषा १९७९-८०मध्ये आली, आणि बुल्सच्या त्या गाजलेल्या हंगामात तर ती रेषा बास्केटच्या जवळ आणलेली होती. शिवाय त्याच वर्षी टोरांटो आणि व्हँकुव्हर हे दोन नवे कोरे संघ लीगमध्ये आले होते. म्हणून बुल्सचे १२ गुण आणि थंडरचे १३ गुण थेट शेजारी ठेवता येत नाहीत. त्या-त्या हंगामात सगळे संघ सरासरीपासून किती विखुरलेले होते ते काढायचे आणि विजेता त्या विखुरण्याच्या किती पट वर होता ते बघायचे. यालाच प्रमाण विचलन म्हणतात. इंजिनीअरिंगला ‘एम-थ्री’त हे शिकलो तेव्हा पास होण्यापुरतेच शिकलो होतो. दहावीत ९० टक्के मिळवणारा मुलगा हुशार की नाही, हे बाकीच्या वर्गाला किती मिळाले त्यावर ठरते, एवढाच त्याचा अर्थ.

रणजीत हे गणित अडते, कारण त्या काळी संघ एकमेकांशी खेळतच नसत. १९५७-५८पासून देशाचे पाच विभाग पाडून प्रत्येक विभागात साखळी सुरू झाली. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र. प्रत्येक विभागातून फक्त पहिला संघ बाद फेरीत जाई. मुंबई आणि मद्रास यांची गाठ पडायची तर दोघांनीही आपापला विभाग जिंकायला हवा, आणि तरीही वर्षातून एकदाच.

या पद्धतीचा फायदा मुंबईला झाला का?

माझ्या मते या सगळ्या वादात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे.

मुंबईने त्या १५ अंतिम सामन्यांपैकी सात राजस्थानविरुद्ध जिंकले. राजस्थानचा संघ लेचापेचा नव्हता. सलीम दुराणी, हनुमंत सिंह होते. विनू मांकडही उतारवयात तिकडून खेळले. मुंबईकडून सात वेळा अंतिम फेरीत हरलेल्या राजस्थानला पहिला करंडक मिळाला तो थेट २०१०-११मध्ये. तरीही प्रश्न उरतो : देशातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ खरोखर राजस्थानच होता का?

कारण मुंबईच्या विभागातल्या चार संघांना १९५८-५९ ते १९६९-७० अशी बारा वर्षे दारच बंद होते. मुंबई पहिली येणार, बाकीचे चौघे घरी. त्यातल्या बडोद्याने तर मुंबईची मालिका सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १९५७-५८मध्ये, रणजी करंडक जिंकला होता. आणि महाराष्ट्राचा संघ प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा विजेता ठरलेला.

१९७०-७१मध्ये नियम बदलला. प्रत्येक विभागातून पहिले दोन संघ बाद फेरीत जाऊ लागले. त्याच वर्षी, म्हणजे दार उघडल्याच्या पहिल्याच हंगामात, अंतिम सामना कोणाचा झाला? मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. एकाच विभागाचे दोन संघ. आदल्या वर्षीपर्यंत अशी अंतिम फेरी होणे नियमातच बसत नव्हते.

एका वर्षावरून बारा वर्षांचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य. पण त्या बारा वर्षांत मुंबईची खरी कसोटी अंतिम सामन्यात नव्हे, तर पुणे-बडोद्याच्या विभागीय सामन्यांत लागत असावी, असा संशय घ्यायला जागा आहे. तसे असेल तर मुंबईचे वर्चस्व कमी होत नाही, उलट वाढते. मात्र त्या चार संघांतल्या खेळाडूंचे मोल इतिहासात आहे त्याहून कमी लागले, हेही मग मान्य करावे लागते. बाद फेरीचा सामना म्हणजे निवड समितीच्या डोळ्यांत भरण्याची संधी. ती ज्यांना मिळालीच नाही, त्यांचा आकडा कुठल्याच धावफलकात नाही.

सलग १५ वेळा जिंकण्यात नशिबाचा वाटा किती?

समजा एखाद्या संघाला दरवर्षी करंडक जिंकण्याची ८० टक्के शक्यता आहे. ८० टक्के म्हणजे भलताच दादा संघ. तरीही सलग १५ वर्षे जिंकण्याची शक्यता येते ३.५ टक्के. ९० टक्के धरली तरी २० टक्क्यांच्या किंचित वर. पंधरा वर्षांची मालिका निम्म्या वेळा तरी घडावी असे वाटत असेल, तर दरवर्षीची शक्यता साडेपंच्याण्णव टक्के लागते. आणि एका वर्षात विभाग जिंकणे आणि मग बाद फेरीचे तीन सामने असे चार टप्पे धरले, तर प्रत्येक टप्प्यात जवळपास ९९ टक्के.

बास्केटबॉलमध्ये सात सामन्यांची मालिका असते. एका सामन्यात ६५ टक्के शक्यता असलेला संघ अशी मालिका ८० टक्के वेळा जिंकतो. म्हणजे मालिका बलवान संघाला एखाद्या वाईट दिवसापासून वाचवते. सेल्टिक्सला हे कवच होते. मुंबईला एकेका सामन्यात निकाल लावायचा होता. पण मुंबईलाही एक कवच होते, पहिल्या डावाच्या आघाडीचे. बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर आघाडी घेणारा पुढे जातो. ज्याची फलंदाजी खोल, त्याला हा नियम मानवतो, आणि विकेट न फेकणारी मुंबईची ‘खडूस’ फलंदाजी याच नियमाच्या मुशीतून घडली असे म्हटले तर फार वावगे होणार नाही. त्या १५पैकी काही अंतिम सामनेही अशाच आघाडीवर जिंकलेले आहेत.

एकच कसोटी निवडायची तर?

मी राखीव फळीची निवडेन. मुख्य खेळाडू काढून घेतल्यावर संघ किती खाली येतो?

जॉर्डन असताना १९९२-९३मध्ये बुल्सने साखळीत ५७ सामने जिंकले होते. पुढच्या हंगामात जॉर्डन निवृत्त झाला (पहिल्यांदा), तरी बुल्सने ५५ जिंकले. फक्त दोन कमी. पण बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यात न्यूयॉर्कने त्यांना घरी पाठवले. साखळीत जॉर्डनविना चालले, करंडक मात्र त्याच्याविना आला नाही.

१९७०-७१च्या त्या अंतिम सामन्याकडे आता परत जाऊ. मुंबईचे अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर आणि अशोक मंकड हे पाच जण तेव्हा भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. भारताने तिथे पहिल्यांदा मालिका जिंकली तो हा दौरा. गावसकरच्या ७७४ धावांचा. इकडे सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने चंदू बोर्डे यांच्या महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवून करंडक राखला. पाच कसोटीपटू वजा करूनही देशात पहिला! बुल्सला जे एका जॉर्डनविना जमले नाही, ते या संघाने पाच जणांविना केले. कांगा लीगच्या चिखलात आणि हॅरिस शिल्डच्या शालेय सामन्यांत ही राखीव फळी तयार होत होती. त्यामुळे १५ करंडक कुठल्याही एका संघाचे नाहीत. उम्रीगर-रामचंद यांच्या पिढीने सुरू केलेली मालिका गावसकर-सोलकरांच्या पिढीने पुढे नेली.

आणि विदर्भ?

विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९मध्ये लागोपाठ दोन करंडक जिंकले, तिसरा २०२४-२५मध्ये. तीन विरुद्ध पंधरा, अशी तुलना नेहमी होते आणि ती अन्यायाची आहे. २०२४-२५मध्ये स्पर्धेत ३८ संघ होते. विदर्भ त्या हंगामात दहा सामने खेळला आणि एकही हरला नाही. उपांत्य फेरीत गतविजेत्या मुंबईला नागपुरात ८० धावांनी हरवले, हर्ष दुबेने एका हंगामात ६९ बळींचा विक्रम केला, आणि केरळविरुद्धचा अंतिम सामना ३७९ विरुद्ध ३४२ अशा पहिल्या डावाच्या आघाडीवर, म्हणजे मुंबईच्याच जुन्या शस्त्राने जिंकला. एकाच हंगामाचा हिशेब मांडला तर हा विदर्भ जुन्या मुंबईच्या बहुतेक हंगामांच्या बरोबरीने उभा राहतो, असे माझे मत. तेव्हाच्या मुंबईला करंडकासाठी जास्तीत जास्त सात-आठ सामने पुरत.

बुल्स की थंडर, याचे उत्तर भाच्याला कळवले : फरकाच्या हिशेबाने थंडर किंचित वर, अंतिम मालिका धरली तर बुल्स, आणि माझा कौल बुल्सला. त्याने अंगठ्याची इमोजी पाठवली आणि लगेच लिहिले की मामा, तुम्ही जुने झालात.

आबांना फोन केला. पंधरा वेळा जिंकण्याची टक्केवारी त्यांनी ऐकून घेतली. १९७०-७१च्या अंतिम सामन्यावर आलो तेव्हा मात्र त्यांनी मध्येच थांबवले. नंदुरबार महाराष्ट्राच्या क्रिकेट संघटनेत येते, मुंबईच्या नाही. म्हणजे आपला संघ तो हरलेला.

‘माहीत आहे,’ आबा म्हणाले. ‘त्या दिवशी मी महाराष्ट्राकडूनच होतो. अठ्ठेचाळीस धावा. रेडिओ बंद केला आणि शेतात निघून गेलो.’